नव्वद नंबरचं तेल

भगवंतराव कुणाच्या घरी गेले की आधी माणसांना रामराम करत नाहीत, दारातल्या गाडीला करतात. म्हणजे मागच्या सीटवर तळहात टेकवून गाडी खाली दाबतात आणि एकदम सोडून देतात. ती वर येते, खाली जाते आणि मग थांबते का, हे पाहून झाल्यावरच त्यांच्या चपला निघतात. पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली कार त्यांनी अशीच दाबली होती आणि भर मांडवात जाहीर केलं होतं, "मागचे दोन्ही शॉकप बसले." तिकडे मंगलाष्टकं चाललेली आणि हा माणूस कारखाली डोकं घालून. त्यांच्या पत्नी, लक्ष्मीवहिनी, त्या दिवशी लाजेनं अर्धमेल्या झाल्या होत्या.

आदिलाबादकडच्या इचोड्यात हायवेच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या ढाब्याशेजारी त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर तेलुगूत आणि मराठीत एकच शब्द, शॉकप. समोर माझा आटो लागतो. मी राजकुमार, इचोड्याहून आतल्या खेड्यांना पॅसेंजर नेतो. सवारी भरेपर्यंत मला दुसरं काम नसतं, म्हणून या माणसाला मी कित्येक वर्षं पाहतो आहे आणि पाहून पाहून चिडतोही आहे. चार शब्द विचारले तर एक देतील, तोही हातातल्या पान्याकडे बघत.

शॉकपचं काम तसं कुणालाही कळेल असं आहे. गाडीखाली स्प्रिंग असते. खड्डा आला की ती दबते, आणि दबली की फेकते. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्याचे हेलकावे पार पुढच्या गावापर्यंत पुरले असते. म्हणून तिच्या जोडीला एक नळी असते, नळीत तेल, आणि तेलात बारीक भोकांचा दट्ट्या. गाडी हलली की दट्ट्या हलतो, तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत हेलकाव्याचा जोर जिरतो. तेल गळून गेलं की गाडी नाचत राहते. तेल अडवणारं रबरी सील बदलून, बरोबर जाडीचं तेल भरून गाडी पुन्हा माणसात आणायची, हा भगवंतरावांचा धंदा. आणि त्यांची परीक्षा ती एकच, दाबायचं आणि सोडायचं. "एकदा वर, एकदा खाली, अन् गप," ते म्हणतात. याहून जास्त हलली तर तेल पातळ.

आता पोळ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. पोळ्याला आमच्याकडे बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. भगवंतरावांकडे बैल नाहीत, शेती भाऊ करतो, पण रीत त्यांनी सोडलेली नाही. त्या दिवशी त्यांचे पाने, हातोडे, पकडी धुवून, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेले असतात. बैलाला आराम, तसा हत्यारालाही. हायवेवर एखादा ट्रकवाला हात जोडून उभा राहिला तरी त्या दिवशी ते पाना उचलत नाहीत.

गेल्या वर्षी पोळ्याला त्यांची लेक प्रणिता आणि जावई पंकज मोटारसायकलवर आले होते. तिचं सासर तलमडुगुकडच्या एका खेड्यात, घरची कापूस-ज्वारीची शेती. प्रणिताला पाचवा महिना होता. पुरणपोळीचं जेवण झाल्यावर पंकज म्हणाला, "मामाजी, गाडी मागून लई उडून राह्यली." भगवंतरावांनी दाबून पाहिली. डाव्या शॉकपचं तेल गळून गेलं होतं, गाडी नुसती डुलत राहिली. उघडून सील टाकायला फार वेळ लागला नसता. पण पाने पाटावर होते आणि त्यांच्यावरची हळद अजून ओली होती. "आज हत्यार उचलत नाही," ते म्हणाले, "सन झाला का घेऊन या." संध्याकाळी दोघं तसेच परत गेले.

त्याच आठवड्यात प्रणिताच्या पोटात दुखू लागलं. सासरच्यांनी तिला आदिलाबादला दवाखान्यात नेलं आणि निरोप आल्यावर भगवंतराव आणि वहिनींना मी घेऊन गेलो. मूल राहिलं नव्हतं. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की याचा प्रवासाशी, धक्क्यांशी काही संबंध नाही, दोष गर्भातच होता, पुढचं बाळंतपण नीट होऊ शकतं. बाई चांगल्या होत्या, पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पण बाहेर बाकावर प्रणिताची सासू, रुख्मिणीबाई, बसली होती. ती भगवंतरावांकडे न बघता म्हणाली, "बाप शॉकपवाला, अन् लेक धक्के खात आली."

मला त्या बाईचा असा राग आला की आजही तिचं नाव निघालं तर मला पहिल्यांदा तेच आठवतं. भगवंतराव मात्र उठले. बाहेर आले, दवाखान्यासमोर पंकजची मोटारसायकल उभी होती. तिच्या मागच्या सीटवर त्यांनी हात ठेवला, पण दाबली नाही.

त्यानंतर घरात त्यांनी कायदाच करून टाकला. त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. बाळ येणार म्हणून लक्ष्मीवहिनी जुन्या लुगड्यांची एक लहानशी गोधडी शिवत होत्या. दवाखान्यातून आल्यावर त्या ती हातात घेऊन बसल्या तेव्हा भगवंतरावांनी ती काढून घेतली आणि माळ्यावर टाकली. वहिनींचे डोळे भरले की ते म्हणायचे, "गप. रडून काय वापस येते?" दिवाळीला प्रणिता आली. चुलीपाशी बसून ती हळूच म्हणाली, "बाबा, ती असती तर..." एवढंच. भगवंतराव ताट सरकवून उठले आणि दुकानात निघून आले. सण असून शटर उघडलेलं पाहून मीच तिकडे गेलो, तर एका जुन्या शॉकपची नळी ते फडक्यानं पुसत बसले होते. ती आधीच स्वच्छ होती. गावात लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. कसला खंबीर, आतून ठेचून निघाला होता.

यंदा प्रणिताला पुन्हा दिवस राहिले. सातवा लागल्यावर ओटी भरून लेकीला माहेरी आणायचं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमची रीत. तिलाही आईजवळच यायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी हळू न्या म्हणून परवानगी दिली. अडवलं ते रुख्मिणीबाईंनी. फोनवर म्हणाल्या, "बोलेरो सांगा. तुमच्या इकडच्या कोन्या खटाऱ्यात नाही पाठवत. नाहीतर राहू द्या, इथंच करू."

भगवंतरावांनी बोलेरो सांगितली नाही. जी गाडी स्वतःच्या हातानं उघडली नाही तिच्यात लेक बसवणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. मला येऊन म्हणाले, "राजकुमार, तुहा आटो दे." मी दिला. नाही कसा म्हणणार? त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मागणं नव्हतंच. आणखी एकदा काही झालं तर हा माणूस उभा राहणार नाही, हे मला दिसत होतं. प्रणिताचं काय होईल, याचा विचार तर मला करवतच नव्हता.

त्यांनी आटोचे तिन्ही शॉकप काढले, उघडले, सीलं बदलली. इथवर ठीक. मग तेल भरायची वेळ आली तेव्हा शॉकपचं पातळ तेल बाजूला सारून त्यांनी ट्रॅक्टरच्या गिअरच्या तेलाचा डबा ओढला. नव्वद नंबरचं तेल, काकवीसारखं घट्ट. मी म्हटलं, "हे काऊन टाकून राह्यले?"

"हालली नाही पायजे," ते म्हणाले.

"पन भगवंतराव..."

"इतकुशी बी हालली नाही पायजे."

सगळं बसवून झालं. त्यांनी आटो मागून दाबला. दोन्ही हातांनी दाबला, मग वर चढून अंगाचा भार दिला. आटो दगडासारखा उभा. एकदा वर नाही, एकदा खाली नाही. जो माणूस नवरदेवाच्या कारमधला दोष भर मांडवात काढतो, त्याला आपल्या हातचा हा दोष दिसेना. उलट चेहरा उजळलेला. भीती माणसाचं शिकलेलं सगळं पुसून टाकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. मी चालवून पाहतो म्हटलं, कारण माझ्या बोलण्यानं ते मानणार नव्हते.

लक्ष्मीवहिनी स्वतःहून मागे बसल्या, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी कळशी घेऊन. "पानी सांगंल," म्हणाल्या. भगवंतराव माझ्या शेजारी, सीटच्या कडेवर. हायवेच्या गुळगुळीत डांबरावर कळशीतलं पाणी खरंच हललं नाही. ते वळून वळून पाहत होते, आणि वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मग मी आटो गावामागच्या रस्त्यावर वळवला. तो पाइपलाइनसाठी खणून तसाच बुजवला आहे, सगळा खडबडीत.

पहिल्याच खड्ड्यात चाकाचा दणका सरळ पाठीच्या मणक्यात आला. मधे कुणी तो घेतलाच नाही. घट्ट तेलातून दट्ट्याला वाट मिळेना, चाक दबायला तयार नाही, आणि दबलं तेवढं परत यायलाही तयार नाही. ते सावरायच्या आत दुसरा खड्डा, मग तिसरा, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा जोरात. पाणी उसळून वहिनींच्या पदरावर गेलं. पुढच्या दणक्यात कळशीचा काठ त्यांच्या तोंडावर बसला. मी ब्रेक मारला. ओठ फुटला होता.

"हालली तर नाही," भगवंतराव म्हणाले. अगदी बावळ्यासारखे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "चाक हालत नाही म्हनून मानूस हालते," मी म्हटलं. "तुमीच शिकवलं ना मले? एकदा वर, एकदा खाली? मंग हे काय करून ठेवलं? या आटोत पोरीले बसवता?"

मागे वहिनी रडत होत्या. ओठाला पदर लावलेला, पण हे रडणं ओठाचं नव्हतं, ते कुणालाही कळलं असतं. भगवंतराव उतरून मागे गेले आणि सवयीनं म्हणाले, "गप. लई नाही लागलं. गप."

"नाही होत गप," वहिनी म्हणाल्या. "वरीस झालं, गपच हाय मी." मग थांबून थांबून, कळशी तशीच धरून, त्या बोलल्या. "मूल व्हायच्या आधी त्याचं काही शिवू नाही, माय माही सांगत जाय. मले दम निघाला नाही. मी गोधडी शिवाले घेतली, म्हनून झालं ते. तुमी ती हातातून ओढून माळ्यावर टाकली तवाच मी समजली, का तुमाले बी तसंच वाटते. माह्यामुळं नात गेली असं."

भगवंतराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुह्यामुळं?" ते म्हणाले. "लक्ष्मी, शॉकप मी नाही उघडला. पोळा हाय म्हनलं. पाने पाटावर हायेत म्हनलं. तेवढा एक शॉकप..."

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं ना, तसं काही नाही म्हनून?"

"तुले बी सांगतलं ना?"

एका छपराखाली, एका चुलीचं खाऊन दोघं वर्षभर स्वतःवरच खटला चालवत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरचा आपल्याला दोषी धरून गप्प आहे. मला तिथं उभं राहवेना. मी पुढच्या चाकापाशी जाऊन बसलो आणि त्यात पाहण्यासारखं काही नसताना ते पाहत राहिलो. मागून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता. आधी एकाचा, मग दोघांचा.

दुकानात परत आल्यावर भगवंतरावांनी ते काळं तेल एका डब्यात ओतून टाकलं. नळ्या धुतल्या, पातळ तेल भरलं, दाबून पाहिलं. आटो जास्त नाचला. त्यात थोडं जाड मिसळलं, पुन्हा बसवलं, पुन्हा दाबलं. वहिनी फुटक्या ओठानं प्रत्येक खेपेला कळशी घेऊन मागे बसत होत्या आणि मी त्याच खणलेल्या रस्त्यावरून फेऱ्या मारत होतो. माझा अख्खा दिवस बुडाला, पण त्याबद्दल मी एक शब्द काढला नाही, हे माझ्या ओळखीच्या कुणाला खरं वाटणार नाही. शेवटी एका फेरीत पाणी कळशीत गोल फिरलं, काठाला आलं आणि आतच बसलं.

"जरा हालते," मी म्हटलं.

"हालू दे," भगवंतराव म्हणाले. "हेलकावा जिरला पायजे. अडवला का हाडात जाते."

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. वहिनींनी माळ्यावरून ती गोधडी काढली होती, झटकून, घडी घालून पिशवीत ठेवली होती. भगवंतरावांनी पिशवीतून डोकावणारा लुगड्याचा काठ पाहिला आणि नजर काढून घेतली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण ते पुढे येऊन बसले.

हायवे सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया ओळीनं वाकलेल्या. प्रणिताच्या सासरी पोचलो तेव्हा पंकज अंगणातच होता. त्याच्या मोटारसायकलपाशी भगवंतराव थांबले, हात सीटवर गेला, गाडी दाबली, सोडली. ती वर आली, खाली गेली आणि थांबली. "तवाच नवे टाकले, मामाजी," पंकज खाली मान घालून म्हणाला. त्या पोराच्या मनात काय असेल, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

रुख्मिणीबाईंनी ओटी भरली, कुंकू लावलं, आणि आटो पाहून तोंड वाकडं केलं. भगवंतराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "विहीनबाई, पोळ्याची चूक माही होती का नाही, ते देवाले ठाऊक. पन आज पोरीले मी नीट नेतो." बाईंनी आटोची मागची सीट हातानं दाबून पाहिली. मग आत जाऊन एक उशी घेऊन आल्या आणि प्रणिताच्या पाठीमागे स्वतः खोचली. "हळू न्या," एवढंच म्हणाल्या. राग धरून बसायचं ठरवलं होतं मी, पण उशी नीट बसली का हे तिनं दोनदा हात लावून पाहिलं, ते मला दिसलं.

परतीला मी बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो. गावाबाहेर पहिला मोठा खड्डा आला. आटो खाली गेला, वर आला, प्रणितानं घाबरून दांडा पकडला. "बाबा, हालून राह्यली ना गाडी."

"हालू दे, बाई. एकदा वर, एकदा खाली. मंग थांबते. पाह्य."

थांबली. पुढच्या खड्ड्यालाही थांबली. हळूहळू तिनं दांडा सोडला. आरशात मला दिसत होतं, वहिनींनी ती गोधडी काढून तिच्या पोटावर पांघरली होती. प्रणिता तिच्यावरून हात फिरवत होती, टाक्यांवरून, काठावरून. जरा वेळानं म्हणाली, "आई, ही तिचीच ना?"

"गप बेटा," वहिनींच्या तोंडून वर्षभराच्या सवयीनं निघून गेलं. "आता नको." आणि त्यांनी घाबरून पुढे पाहिलं.

भगवंतराव तोंड फिरवून बाहेर, कापसाकडे बघत होते. त्यांच्या जबड्याचं हाड मला दिसत होतं. आता हा माणूस सगळं तोडून टाकतो, असं मला वाटलं, आणि मी गिअर बदलायचंही विसरलो.

"बोलू दे तिले," ते म्हणाले.

मग प्रणिता म्हणाली, "बाबा, मी तिचं नाव ठेवलं होतं. कोनालेच नाही सांगतलं. पंकजले बी नाही."

आटो आणखी एका खड्ड्यातून गेला, डोलला आणि स्थिर झाला. भगवंतरावांनी विचारलं, "काय ठेवलं होतं?"

"मैत्री."

ते नाव त्यांनी एकदा स्वतःशीच उच्चारलं. मग माझ्या खांद्याला लागलेला त्यांचा खांदा हलायला लागला, आणि तो थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. प्रणितानं मागून हात पुढे करून त्यांच्या पाठीवर ठेवला. तीही रडत होती, वहिनीही. बाळंतपण अजून व्हायचं आहे. ते कसं होईल, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं आणि आजही नाही, आणि भीती होती तेवढीच आहे. मी आटो आणखी हळू केला. इचोडा येईपर्यंत कुणी कुणाला गप म्हटलं नाही.